छताची बाहेरची बाजू

तिनं 'रन'चं बटण दाबलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. मोकळे सोडले की हात पुन्हा माउसकडे जातात आणि चाललेलं गणित मध्येच थांबवतात, हा तिचा स्वतःबद्दलचा जुना अनुभव होता. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. जानेवारी. फेब्रुवारी. वर्षभराचं ऊन, वारा, दिवस नि रात्री त्या पट्टीतून चार मिनिटांत पार व्हायच्या होत्या.

"सकाळपासून कितवं?" शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला.

"सातवं."

"अगं, इतक्या वेळा लोक आरशातसुद्धा बघत नाहीत."

हा शेजारी म्हणजे सेटिंग. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. कुठलंही मॉडेल अडलं की हा दोन आकडे इकडचे तिकडे करून ते सुरळीत करून द्यायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला सेटिंग म्हणत. तो तिला मिस्त्री म्हणायचा. आपले वडील गवंडी होते हे तिनं नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि त्याचा वाटणारा अभिमान लपवणं तिला कधी जमलं नव्हतं.

ऑफिसचं काम तसं सांगायला सोपं होतं. इमारत बांधायच्या किंवा दुरुस्त करायच्या आधी ती संगणकात उभी करायची. भिंती, खिडक्या, जमिनी, छतं, सगळं थरांसकट. मग तिच्यावर वर्षभराचं ऊन सोडायचं आणि आत बसणाऱ्या माणसाला किती उकडेल ते बघायचं. सध्या तिच्या पडद्यावर एक तीन मजली सार्वजनिक वाचनालय होतं. सगळ्यांत वरच्या मजल्यावर ओळीनं सहा खोल्या. तिथं उन्हाळ्यात बसवत नाही अशा तक्रारी आल्या होत्या, आणि छताचं काय करायचं ते उद्या अकरा वाजता वाचनालयाच्या समितीपुढे ठरायचं होतं.

मॉडेलचं म्हणणं स्पष्ट होतं. वरच्या सहाही खोल्यांत दुपारी चारला चाळीस अंश. सरांनी अहवालातलं वाक्यसुद्धा लिहून ठेवलं होतं: 'छतावरचे जुने थर निरुपयोगी असून ते पूर्णपणे काढून टाकावेत.'

हे वाक्य तिनं अजून घरी सांगितलं नव्हतं. ते जुने थर बाबांनी घातलेले होते.

बाबांनी आयुष्यात पुष्कळ भिंती उभ्या केल्या, पण वाचनालयाचं छत हे त्यांचं लाडकं काम. घरी कुणी आलं की पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत त्याला छत ऐकावं लागे. आधी स्लॅब, त्यावर वीटतुकड्यांचा चुन्याचा कोबा, त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. तिसरीत असताना तिला सातचा पाढा येत नव्हता, पण हे तीन थर ती झोपेतही म्हणून दाखवायची. आईकडे ऐकवण्यासारखी एकच गोष्ट होती आणि तीही वर्षातून एकदाच, लेकीच्या वाढदिवसाला: शनिवार होता, तुझे बाबा कामावरून तसेच पळत आले गं, दोन्ही हात चुन्यानं बरबटलेले, नर्सनं दारातूनच परत पाठवलं, आधी हात धुऊन या म्हणून. ही गोष्ट झाली की बाबा पुन्हा छतावर यायचे.

काम सुटल्यापासून ते रोज त्याच वाचनालयात जाऊन बसत होते. आणि उद्या तेच छत फोडा असं सांगणाऱ्या कागदावर त्यांच्या मुलीची सही असणार होती. आठवडाभर ती जेवताना त्यांच्या नजरेला नजर द्यायचं टाळत होती.

पट्टी डिसेंबरला पोचली. तिनं हात मोकळे केले.

वरच्या खोल्यांमध्ये तीन आठवडे काडेपेटीएवढी तापमापक यंत्रं टांगून ठेवली होती. त्यांतले आकडे आज सकाळी हाती आले होते आणि ते मॉडेलवर चढवून बघायचं काम चाललं होतं. मॉडेल म्हणतं ते निळ्या रेषेत, खरं घडलं ते लाल. दोन्ही रेषा साधारण एकमेकींच्या अंगावरून जायला हव्यात. पण सातव्या वेळीही लाल रेषा निळीच्या बरीच खाली होती. पाच खोल्यांत तब्बल पाच अंशांनी. जिन्याजवळच्या सहाव्या खोलीत जेमतेम दोन.

"हवा वाढव," सेटिंग खुर्चीसकट सरकत आला. "खिडक्या अर्ध्या उघड्या दाखव. पाच अंश काय, सात खाली आणून देतो."

"दुपारी खिडक्या बंद असतात. मी बघून आलेय."

"मॉडेलला कुठे माहितीये?"

"मला माहितीये ना."

तो खांदे उडवून परत गेला. ती मात्र खुर्चीत नीट बसू शकेना. खरी खोली मॉडेलपेक्षा थंड आहे! म्हणजे मॉडेल चुकलंय. सभेच्या आदल्या दिवशी असं कळलं तर कुणाच्याही तोंडचं पाणी पळेल, पण तिला आतून उकळ्या फुटत होत्या. चूक कुठेतरी होती, आणि ती बाबांच्या छतात नव्हती. ती तिच्या स्वतःच्या कामात होती. आपलीच चूक शोधायला इतक्या आनंदानं कुणी कधी बसलं नसेल.

तिनं भिंती तपासल्या. काचा तपासल्या. तळमजल्याची जमीन तपासली, ती अगदी बिनचूक होती. शेवटी तिनं फोन उचलला.

"बाबा, छत सांगा."

पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला. मग कुजबुज, पण ऐटीतली. "कुठलं?"

"कुठलं म्हणजे? तुमच्या डोक्यावर आत्ता आहे ते."

"आधी स्लॅब. पाच इंच. त्यावर कोबा, चार इंच. वीटतुकडे आणि मुरवलेला चुना, संध्याकाळपर्यंत थापीनं ठोकलेला. त्यावर पांढरे तुकडे. तुला येतं की सगळं. का गं?"

"काही नाही. उजळणी."

"ठेव मग. ग्रंथपालबाई डोळे वटारतायत."

तिनं पडद्याकडे पाहिलं. छताच्या थरांची यादी समोरच होती. स्लॅब, पाच इंच. कोबा, चार इंच. पांढरे तुकडे. बाबांनी सांगितलं तसंच, त्याच क्रमानं, शब्दाला शब्द.

आधी स्लॅब.

आधी म्हणजे कधी? बाबांचं आधी म्हणजे ज्याच्यावर पुढचं रचायचं ते. ते खालून वर बांधत गेले, म्हणून खालून वर सांगत आले. तिची नजर यादीच्या डोक्यावरच्या बारीक करड्या ओळीवर गेली. जिन्यातल्या 'शांतता राखा' या पाटीकडे आपण जितकं लक्ष देतो, तितकंच तिनं त्या ओळीकडे आजवर दिलं होतं. ओळ अशी होती: 'पहिला थर सर्वांत बाहेरचा.'

तिनं कपाळावर हात मारला आणि मोठ्यानं हसली.

"काय झालं?" सेटिंग दचकला.

"मी छत उलटं घातलंय!"

"म्हणजे?"

"म्हणजे उघडाबोडका स्लॅब वर, उन्हात. आणि पांढरे तुकडे खाली, खोलीत. पंख्याकडे तोंड करून!" तिला बोलताना धाप लागत होती. "बाबा खालून वर सांगतात. हे सॉफ्टवेअर बाहेरून आत वाचतं. आणि बघ ना, तळमजल्याची जमीन मी तशीच भरली आणि ती बरोबर आली, कारण जमिनीला बाहेर म्हणजे माती. खालून वर म्हटलं तरी ते बाहेरून आतच होतं! छताला बाहेर म्हणजे आभाळ."

"दहा वर्षं काम करतेयस, मिस्त्री."

"दहा वर्षं तयार छतं वापरली. यादीतून उचलायची नि ठेवायची. हे पहिलंच छत मी हातानं भरलं." ती थर एकेक करून ओढत होती, पांढरे तुकडे वर, स्लॅब खाली. "बाबांच्या शब्दांत भरलं."

मधल्या मजल्यांचीही तिनं खात्री करून घेतली. तिथली भानगड वेगळी असते. एकाची जमीन म्हणजे खालच्याचं छत, वस्तू एकच, पण सॉफ्टवेअरला ती दोनदा सांगावी लागते, एकदा वरून आणि एकदा खालून, क्रम उलटवून. ते सगळं जागेवर होतं. तिनं आठव्यांदा बटण दाबलं. या वेळी हात मांडीखाली ठेवायचा प्रश्नच नव्हता, कारण ती उभी होती.

पट्टी मे महिन्यात असताना सर त्यांच्या केबिनमधून बाहेर आले. हसण्याचा आवाज कशाचा, असं काहीतरी विचारायला आले असावेत, पण दोघं पडद्याला नाक लावून उभे आहेत असं पाहून तेही मागे येऊन थांबले.

रेषा उमटल्या. पहिली खोली. लाल रेषा निळीवरून अशी गेली की खालची दिसेचना. दुसरी खोली. तिसरी. चौथ्या खोलीला सेटिंगनं टेबलावर थाप मारली, आणि पाचवीला तिनं चक्क उडी मारली.

"बसलं! सर, बसलं!"

"काय बसलं?"

"छत उत्तम आहे, सर. मी चुकले होते!"

सरांच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ दोन-तीन भाव येऊन गेले. ते शेजारची खुर्ची ओढून सावकाश बसले. "मी अध्यक्षांना कालच फोनवर सांगून बसलोय," ते म्हणाले, "की छत काढावंच लागेल."

"मी सांगते उद्या. चूक माझी आहे, मीच सांगते."

"इतक्या खुशीत सांगू नका म्हणजे झालं." पण त्यांनाही हसू आवरेना. सर तसे सरळ माणूस होते. चांगली बसलेली रेषा पाहिली की त्यांचा राग फार वेळ टिकत नसे. "सहावी खोली दाखवा."

सहाव्या खोलीत आता उलटा प्रकार झाला होता. निळी रेषा पस्तिसावर शहाण्यासारखी उभी होती आणि लाल रेषा तिला सोडून अडतिसावर गेली होती.

"सहापैकी पाच म्हणजे पहिला वर्ग," सेटिंग म्हणाला. "सोड ना."

"तक्रारी कुठल्या खोलीच्या होत्या, सर?"

सरांनी फोनमध्ये शोधलं. "जिन्याजवळची. मुलांचा विभाग." मग जरा थांबून म्हणाले, "सगळ्या तिथल्याच आहेत की. हे आपण आधी का नाही पाहिलं?"

मॉडेल सगळीच छतं वाईट म्हणत होतं, तेव्हा एका खोलीकडे कोण बघतो?

दुपारचा डबा तसाच ठेवून ती सहाव्या खोलीच्या मागे लागली. भिंती त्याच, खिडकी तीच, उलट ऊन इतरांपेक्षा कमीच. मग तिनं छत बदलून पाहायला सुरुवात केली, फक्त त्या एका खोलीवरचं. पांढरे तुकडे काढले, तर निळी रेषा लालच्याही वर गेली. ते परत ठेवले. कोबा पातळ केला, रेषा जराशी हलली. शेवटी कोबा पूर्ण काढून त्याच्या जागी तेवढ्याच जाडीचा सिमेंट-वाळूचा नुसता भराव घातला. निळी रेषा उठली आणि लालच्या अंगावर जाऊन झोपली.

बसलं, असं ती या वेळी ओरडली नाही.

एक बारीकशी गोष्ट तेवढी बसत नव्हती. लाल रेषा रोज सकाळी साडेआठला खाली उतरायची आणि दहापर्यंत तशीच राहायची. इतर कुठल्या खोलीत हा खळगा नव्हता. आणि सोमवारी तर या खोलीतही नव्हता. पण तिचं लक्ष आता खळग्यात नव्हतं.

वरून दिसायला तेच पांढरे तुकडे, आणि खाली कोब्याऐवजी भराव. वर उभं राहिलेल्या माणसाला जन्मात कळणार नाही. हे काम ज्यानं केलं त्यालाच माहीत. आणि ते छत कुणी केलं हे घरी येऊन गेलेल्या प्रत्येक पाहुण्याला माहीत होतं. छतात लबाडी केली तर ती दर उन्हाळ्यात खाली उतरते, असं बाबाच म्हणायचे. तिनं लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि ती निघाली.

वाचनालयाच्या जिन्यावरच ग्रंथपालबाई भेटल्या. हातात वह्यांचा गठ्ठा होता, तरी थांबल्या.

"वडिलांना शोधताय ना? मुलांच्या खोलीत आहेत. तिथंच असतात."

"मुलांच्या?" ती थांबली. "मला वाटायचं पेपरच्या खोलीत बसतात."

"पेपर घेतात आणि तिकडे जातात. आमचे बिनपगारी शिपाई आहेत म्हणा ना. सकाळी साडेआठला मी कुलूप काढलं की हे हजर. आधी त्या खोलीच्या खिडक्या सताड उघडतात. दहाला बंद करून पडदे ओढतात. म्हणतात, सकाळची गार हवा भरून घेतली की मुलांना दुपार जरा बरी जाते. सोमवारी आम्ही बंद, म्हणून, नाहीतर त्या दिवशीही आले असते."

रेषेतला खळगा आत्ता कुठे तिच्या डोळ्यांसमोर नीट आला. तीन आठवडे यंत्रानं बाबांचा हात टिपून ठेवला होता, आणि तिनं त्याला बारीकशी गोष्ट म्हटलं होतं.

बाबा खरोखरच तिथं होते. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीपाशी, पेपरची घडी करून स्वतःला वारा घालत. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आज लवकर?"

"बाबा, वर येता? गच्चीवर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या छताकडे पाहिलं. पेपर खाली ठेवला. गच्चीची किल्ली कुठल्या खिळ्याला असते हे त्यांना विचारावं लागलं नाही.

वर ऊन नुसतं भाजत होतं, पण पांढऱ्या तुकड्यांवर हात टेकवता येत होता. बाबा चपला काढून पहिल्या खोलीवर उभे राहिले आणि टाचेनं ठोकत चालू लागले. ठप, ठप, ठप. ओला, भरलेला आवाज. ते चालत राहिले, ती मागोमाग. जिन्याच्या टोकाकडे आल्यावर आवाज बदलला. टक. बाबा थांबले.

"हेच विचारायला आलीस ना?"

"इथं कोबा नाही."

"नाही." मग एकदम वळून म्हणाले, "तुला कसं कळलं? टाच मारून बघितलीस?"

"मॉडेलमध्ये दिसलं. पाच खोल्या बसल्या, ही बसेना. कोबा काढून भराव घातला तेव्हा बसली."

"त्या कॉम्प्युटरला खोलीत बसून वरचा चुना दिसला?" बाबांचे डोळे लहान पोरासारखे चमकले. "छत्तीस वर्षांत एका इंजिनिअरला कळलं नाही! किती आले, किती गेले, माना डोलावून गेले. आणि तू ऑफिसात बसून ओळखलंस?" त्यांनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली की ती पुढे झुकली. ती जाब विचारायला आली होती आणि इथं तिचं कौतुक चाललं होतं.

"बाबा, पण हे केलं कुणी?"

"मुकादमानं उरकून घेतलं." ते आता टाचेनं तिथल्या तिथं हळूच ठोकत होते. "सहा खोल्या, सहा दिवस. रोज एका खोलीचा कोबा. पाच दिवस मी होतो. सहाव्या दिवशी सकाळी चुना कालवायला घेतला, कोपरापर्यंत हात आत होते, आणि निरोप आला. मी निघालो. चुन्याचं काम येणारा दुसरा कुणी नव्हता. त्यांनी बिचाऱ्यांनी जे येत होतं ते केलं, सिमेंट नि वाळू. वरून तुकडे लावले. आठवड्यानं परत आलो, पहिलं पाऊल टाकलं आणि कळलं."

"मग बोलला नाहीत?"

"बोललो. तो म्हणाला, उकरायचं तर उकर, पण आज, आत्ता. घरी तुझी आई एकटी होती. नाही थांबलो." त्यांनी ठोकणं थांबवलं. "मग राहूनच गेलं. म्हातारपणी काय करणार, खिडक्या तेवढ्या उघडतो."

"निरोप कसला होता?"

बाबांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की एवढी शिकलेली पोर आणि हे विचारते.

"तुझा."

ती पांढऱ्या तुकड्यांवर तशीच उभी राहिली. नर्सनं दारातून परत पाठवलेले ते हात तिला लहानपणापासून पाठ होते. त्या हातांवरचा चुना कुठला, हे मात्र तिनं कधीच विचारलं नव्हतं.

"म्हणजे तो चुना..."

"या खोलीचा," बाबा म्हणाले आणि चपला घालू लागले.

दुसऱ्या दिवशी सभेत तिनं पहिलंच वाक्य सांगितलं ते असं: मॉडेलमध्ये मी छत उलटं घातलं होतं. सरांनी छताकडे, म्हणजे सभागृहाच्या छताकडे, पाहिलं. मग तिनं पडद्यावर आधी उलटं छत दाखवलं, मग सुलटं, आणि रेषा एकमेकींवर बसताना दाखवल्या. बोलता बोलता ती इतकी रंगून गेली की समितीतले एक गृहस्थ चहा प्यायचा विसरले. पाच खोल्यांवरच्या छताला हात लावायची गरज नाही. सहावीवरचा थर काढून तिथं कोबा घालायचा, बस.

"पण एकाच खोलीवर असं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्या दिवशी चुन्याचा माणूस कामावर नव्हता."

"हेसुद्धा मॉडेलमध्ये दिसतं?"

"दिसतं तर," ती म्हणाली, आणि शेजारी बसलेल्या सेटिंगला खोकला आला.

"आता तसं काम येणारा माणूस मिळेल?"

"एक आहे. आता थापी नाही उचलायचा, पण उभा राहून करून घेईल. त्याचं एक दिवसाचं काम राहिलंय."

ठराव झाला. घरी फोन केला तेव्हा बाबांनी फक्त एवढंच विचारलं, की चुना कोण आणणार आहे, कारण मुरवायला आठ दिवस आधी हवा. मग आईनं फोन घेतला आणि सांगितलं की हे कपाटातून थापी काढून बसलेत, तू लवकर ये.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला सेटिंग अंतिम मॉडेल तपासायला तिच्या टेबलाशी आला. दुसऱ्याच्या मॉडेलमधली नावं वाचून दाखवायची त्याला सवय होती. प्रत्येक जमिनीला, प्रत्येक छताला नाव द्यावंच लागतं, त्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जात नाही.

"तळजमीन. मधला मजला, वरून. मधला मजला, खालून. छत, खोली एक ते पाच." तो थांबला. "आणि हे सहाव्या खोलीचं? नावाच्या जागी नुसती तारीख आहे."

"ज्या दिवशी ते घातलं, ती."

"अगं, छत्तीस वर्षांपूर्वीची आहे." त्यानं मान पुढे काढून पुन्हा वाचलं. "वारासकट? मॉडेल कितीही भारी असलं, तरी तारीख थोडीच सांगतं. ही तुला कुणी दिली?"

तिनं फाइल साठवली आणि पिशवी खांद्याला लावली.

"आईनं," ती म्हणाली. "दर वर्षी सांगते."